चेंडू आपल्या वेळेवर येत नाही

परवा रनाळ्यास जाणे झाले. सायंकाळी मैदानावर दहा-बारा मुले-मुली सॉफ्टबॉल खेळत होती. बॅट एक, चेंडू एक. रांगेतील प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत हात हवेत फिरवीत होता, आणि पवित्रा असा की फोटो काढून ठेवावा. पण चेंडू खरोखर आला की तो कॅचरच्या हाती गेल्यावर बॅट फिरे. एका मुलीची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, हिला सगळं तोंडपाठ आहे. मग बॉल का लागत नाही?"

त्या माउलीने नेमके दुखणे सांगितले. बॅटची पकड, पायांतील अंतर, वजन मागे घेणे, आधी कंबर मग हात, ही झाली स्विंगची तऱ्हा. ती चेंडूवाचून शिकवता येते, म्हणून जिथे साहित्य कमी तिथे तीच शिकवली जाते. क्रीडाशिक्षकांना दोष देऊन काय उपयोग? पन्नास मुलांत दोन चेंडू असले तर कोणीही हवेतच बॅट फिरवायला लावील. परंतु केव्हा फिरवायची, हे चेंडू आल्यावाचून कळत नाही.

आमच्या पिढीने विटी-दांडू खेळला. विटी उडवायची आपणच आणि टोला हाणायचा आपणच. वेळ आपल्या हातात. सॉफ्टबॉलमध्ये वेळ पिचरच्या हातात असते. ताशी 60 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू 12 मीटर अंतर पाऊण सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्यात पाहायचे, ठरवायचे आणि मारायचेही. चेंडू सुटल्यावर जी मुलगी वजन मागे घेऊ लागते, तिची तऱ्हा कितीही सुरेख असो, ती उशिराच पोहोचणार.

1920 च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईन या शास्त्रज्ञाने कामगारांच्या घणाच्या घावांचा अभ्यास केला. मुरलेल्या कामगाराचा हात प्रत्येक घावाला थोडा निराळ्या वाटेने जाई, घाव मात्र नेमका जागेवर बसे. आपल्या लोहाराकडे घटकाभर बसलात तरी हेच दिसेल. म्हणजे एकच साचा हजारदा गिरवून कसब येत नाही. दरवेळी थोडे निराळे काम पडावे लागते.

आणि आपल्या इतिहासात पाहा. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करीत आणि नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकीत. ग्रेग साहेब त्यांना लवकर बोलावून घेई आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. साहेबाची फलंदाजी पक्की झाली ती अशा जिवंत गोलंदाजीवर. बाळूंना मात्र त्या नेटमध्ये बॅट कधी धरू दिली नाही. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. (1937 च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही, पण ज्याचे श्रेय त्याला द्यावे.)

म्हणून पालकहो, सरावात आपल्या पोरीच्या वाट्याला चेंडू किती येतात ते मोजा. ती नुसती चेंडू गोळा करून देत असेल तर तिला टायमिंग कुठून येणार? हाताला लागेल अशी चुकीची पकड पहिल्या दिवशीच सुधारावी, त्यात हयगय नको. बाकीची तऱ्हा चेंडू खेळता खेळता घडू द्यावी.

घरी करण्यासारखे एक सांगतो. सात-आठ पावलांवरून चिंध्यांचा चेंडू खालून टाकावा. पहिले दहा चेंडू बॅट न फिरवता, चेंडू समोरून जाताना मुलीने नुसते "आता" म्हणावे. बहुतेक मुले आधी उशिराच म्हणतात, हसू नये. मग बॅट द्यावी. टाकणाऱ्याचा हात मागे गेला की तिने वजन मागे घ्यावे, चेंडू सुटला की पुढचा पाय हलकेच टेकवावा, आणि मारायचे की सोडायचे हे त्यानंतर. एक चेंडू जोरात, एक हळू, एक पायाशी, असे बदलत राहावे. तिला आधी अंदाज येऊ देऊ नये. पाय नेमका केव्हा टेकला एवढेच पाहावे. कोपर वाकडे दिसले तरी त्या दिवशी बोलू नये. हे आम्हालाही जमत नाही, जीभ वळवळते.

रनाळ्याच्या त्या माउलीने जुन्या लुगड्याचा चेंडू शिवायला घेतला आहे. घेर बारा इंच ठेवा, सुतळीने मोजून घ्या, एवढा निरोप आम्ही धाडला आहे.