पंख छाटलेल्या संघाचा प्रशिक्षक

प्रशिक्षकाची थोरवी आपण बहुधा त्याच्या नावावरील चषकांवरून मोजतो. ही मोजणी आम्हांला अपुरी वाटते. पिअर लिटबार्स्की या जर्मन फुटबॉलपटूची जपानमधील कारकीर्द पाहिली की हे विशेष जाणवते.

लिटबार्स्की १९९० साली विश्वविजेत्या पश्चिम जर्मन संघात होता. १९९३ साली जपानमध्ये जे-लीग सुरू झाली, त्याच वर्षी तो तेथे खेळायला गेला. त्या काळी अनेक नामवंत परदेशी खेळाडू जपानला जात, आणि ते केवळ पैशासाठी जातात असे सरसकट म्हटले जाई. या आरोपाचे उत्तर १९९९ साली मिळाले, असे आमचे मत आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी. ऑक्टोबर १९९८ मध्ये योकोहामा फ्ल्यूगेल्स हा संघ त्याच शहरातील प्रतिस्पर्धी मारिनोसमध्ये विलीन करण्याचे जाहीर झाले. दोन पुरस्कर्त्यांपैकी बांधकाम कंपनीने हात काढून घेतला होता आणि विमान कंपनीला एकटीला भार पेलवत नव्हता. जर्मन भाषेत ‘फ्ल्यूगेल’ म्हणजे पंख. ते पंख हिशेबाच्या वहीत छाटले गेले. गेर्ट एंगेल्स या दुसऱ्या जर्मन प्रशिक्षकाच्या हाताखाली या संघाने १ जानेवारी १९९९ रोजी एम्परर्स कप जिंकला. तो त्यांचा अखेरचा सामना ठरला. विजयी संघच उरला नाही!

प्रेक्षकांनी मात्र मारिनोसचा झेंडा हाती घेण्याचे नाकारले. त्यांनी सभासद-वर्गणीतून योकोहामा एफसी हा नवा क्लब उभा केला आणि त्याचे पहिले प्रशिक्षकपद लिटबार्स्कीने स्वीकारले. जगज्जेता खेळाडू जपानी फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर येऊन उभा राहिला. १९९९ आणि २००० या दोन्ही वर्षी संघाने जेएफएल स्पर्धेत अव्वल स्थान मिळवले आणि २००१ साली त्याला जे-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला. २००३-०४ मध्ये तो पुन्हा याच क्लबकडे आला. तेव्हाचे यश बेताचेच होते.

पुढे या क्लबलाही कंपनीचा आधार घ्यावा लागला, हे आम्ही विसरत नाही. प्रेक्षकांच्या वर्गणीवर व्यावसायिक संघ फार काळ चालत नाही, असा आक्षेप कोणी घेईल, तर तो खोडून काढणे अवघड आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच: संघ कोणाचा? ताळेबंद लिहिणाऱ्याचा, की पावसात उभे राहून त्याच्या नावाने ओरडणाऱ्याचा? प्रेक्षकांनी आपले उत्तर कृतीने दिले. ते मैदानावर टिकवून दाखवण्यासाठी मात्र कोणीतरी जाणकार सोबत असावा लागतो. लिटबार्स्कीने ती सोबत केली. आमच्या लेखी त्याच्या प्रशिक्षकपदाचे मोल त्यातच आहे, मग चषकांच्या यादीत त्याची नोंद असो वा नसो.