टोकन कुणाच्या हातात देताय?

दसरा-पाडव्याच्या आधी आपल्याकडे घर-प्लॉट बघायची धांदल सुरू होते. दिवाळी उरकली की त्यातलीच काही माणसं कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. "साहेब, बातमी लावा." लावू की. पण पैसे कुणाला दिले? "एजंटला. ओळखीचाच आहे." पावती? "त्यानं वहीत लिहून घेतलंय."

एजंट म्हणजे चोर असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या गावात कुठलं घर विकायला निघालंय हे त्याच्याशिवाय कळतही नाही. पण त्याला कमिशन मिळतं ते व्यवहार झाला तर, आणि बरेचदा दोन्हीकडून. जागेचे कागद स्वच्छ असण्यात पोट अडकलेलं असतं ते आपलं, त्याचं नाही. तो 'आपला माणूस' झाला की आपण हे विसरतो.

गेल्या वर्षीचं एक प्रकरण सांगतो. एसटीतून रिटायर झालेले एक गृहस्थ. फंडाच्या पैशातून रो-हाऊससाठी दोन लाख टोकन दिलं, रोख, एजंटच्या हातात. "सातबारा क्लिअर आहे," हे एजंटचं वाक्य. सातबाऱ्यावर विकणाऱ्या भावासोबत दोन बहिणींची नावं, आणि त्यातली एक सही द्यायला तयार नाही. हा सातबारा ऑनलाइन कुणालाही दिसतो! आता विकणारा म्हणतो, मला दीडच मिळाले. एजंट म्हणतो, मी फक्त गाठ घालून दिली. पोलीस म्हणतात, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.

वकिलाचंही तसंच. जो वकील एजंटनं आणून दिला, त्याचाच सर्च रिपोर्ट आपण डोळे मिटून घेतो. त्या वकिलाला पुढची दहा कामं एजंटच देणार आहे, तो कशाला खोडा घालेल? लाखोंच्या व्यवहारात स्वतःच्या वकिलाची फी वाचवायची, हा कुठला हिशोब?

"पण रेरा आहे ना?" आहे. महारेरा २०१७ पासून आहे. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत घरं असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्तीच नाही. आपल्या गावात बांधलं काय जातं? चार रो-हाऊस, सहा फ्लॅटची बिल्डिंग. जुन्या घराच्या खरेदीलाही त्याचा उपयोग नाही. म्हणजे आपले बहुतेक व्यवहार या छत्रीच्या बाहेरच. मोठी स्कीम असेल तर मात्र एजंटचा नोंदणी नंबर मागा आणि महारेराच्या साइटवर तपासा. २०२३ पासून त्यांना परीक्षाही सक्तीची केली आहे. आणि अशा स्कीममध्ये करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे त्याला ऐकवा.

नोटरीवर गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं! दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखत नसेल तर जागा तुमच्या नावावर होत नाही. "नंतर होईल" म्हणणारा एजंट नंतर फोन उचलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की टोकनचा एक रुपयाही एजंटकडे देऊ नका. मालकाच्या खात्यावर, चेकनं किंवा ऑनलाइन द्या. इसार पावतीवर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि कागदात खोट निघाली तर किती दिवसांत पैसे परत, तेही लिहून घ्या. कमिशन किती ते आधी ठरवा, द्या मात्र खरेदीखताच्या दिवशी. एवढं बोललात की एजंट म्हणेल, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." असू द्या उभं.

"आधी तुमच्या वकिलाला दाखवा" असं स्वतःहून सांगणारे दोन-तीन एजंट आपल्या गावात आहेत. त्यांचे व्यवहार सावकाश होतात, म्हणून आपलीच माणसं वैतागून दुसऱ्याकडे जातात.