पाटीवरचे नाव आणि हक्काचे नाव

नवा धंदा सुरू करणारा माणूस नावाचा विचार सर्वांत आधी करतो आणि नावाच्या कायद्याचा सर्वांत शेवटी. जागा, कर्ज, वीजजोडणी, कच्चा माल यांच्या जुळवाजुळवीत त्याचे महिने जातात. नाव मात्र कुलदैवताचे, मुलीचे किंवा आडनावाचे घेतले जाते आणि पाटी रंगवून झाली की तो विषय संपला असे मानले जाते. वास्तविक नाव हेही भांडवलच होय. वर्षानुवर्षे चोख माल दिल्यावर गिऱ्हाइकाचा जो विश्वास जमतो, तो साठवून ठेवण्यास नावाखेरीज दुसरी तिजोरी नाही. यंत्र मोडले तर दुरुस्त होते, जागा गेली तर दुसरी मिळते. परंतु नाव बदलावे लागले तर त्या तिजोरीतील शिल्लक बव्हंशी बुडते.

या बाबतीतील अज्ञानाचे मूळ सरकारी कागदांविषयीच्या एका गैरसमजात आहे. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदीला व्यापारी आजही ‘गुमास्ता’ म्हणतात. हा कागद भिंतीवर लागला की नाव आपले झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तू व सेवा कराचा क्रमांक किंवा २०२० साली सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी यांविषयीही तेच. परंतु पहिल्या नोंदीचा हेतू कामगारांच्या सेवाशर्तींचे नियमन हा आहे, दुसरीचा करवसुली आणि तिसरीचा लघुउद्योगांची गणना व सवलती हा. नावाची मालकी यांपैकी एकही नोंद देत नाही. एकल मालकीच्या धंद्यात तर कराच्या दृष्टीने कायदेशीर नाव हे मालकाचे स्वतःचेच असते; पाटीवरचे नाव हे केवळ व्यापारी नाव ठरते.

कंपनीची गोष्ट थोडी निराळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार आधीच्या कंपनीशी मिळतेजुळते नाव देता येत नाही आणि मंजूर झालेले नाव नव्या कंपनीसाठी २० दिवस राखून ठेवले जाते. तथापि ही मंजुरीही अभेद्य कवच नव्हे. नोंदलेल्या व्यापारचिन्हाचा मालक कंपनीच्या स्थापनेपासून ३ वर्षांच्या आत हरकत घेऊ शकतो आणि ती ग्राह्य ठरल्यास नाव बदलावे लागते.

मग हक्क उत्पन्न होतो कोठून? त्याचे उगम दोन: प्रामाणिक वापर आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालील नोंदणी. पहिल्याचे उत्तम उदाहरण अहमदाबादच्या ‘मुक्ताजीवन कलर लॅब’चे आहे. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या या छोट्या व्यवसायाचे नाव त्याच शहरातील दुसऱ्या व्यावसायिकाने घेतले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. परंतु डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला व्यवसाय खपवता येत नाही, हे तत्त्व लहान दुकानालाही लागू आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या प्रसिद्ध मिठाईच्या खटल्यात २०१५ साली याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली: आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्याच्या हक्काहून श्रेष्ठ होय.

म्हणजे नोंदणी निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढू नये. वापरावर आधारलेला हक्क न्यायालयात सिद्ध करावा लागतो. त्यासाठी जुनी बिले, जाहिराती, हिशेबाच्या वह्या आणि मुख्य म्हणजे खटला लढवण्याची ऐपत लागते. नोंदणीमुळे हा पुराव्याचा भार पुष्कळच हलका होतो. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला संगणकीय अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते आणि नोंदणी १० वर्षे टिकून पुढे नूतनीकरण करता येते. पाटी, पिशव्या आणि वेष्टने यांच्या खर्चाशी तुलना केली तर ही रक्कम अवाजवी म्हणता येत नाही.

नावाची निवडही तितकीच महत्त्वाची. ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘उत्तम’ असे मालाचे वर्णन करणारे शब्द कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत. उदबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर सांगितलेला एकाधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली नाकारला. धर्मग्रंथाचे नाव सर्वांचे असते. आडनाव तरी सुरक्षित, हा समजही पुरता खरा नाही. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर ‘बजाज’ हे नाव घालणाऱ्या एका संस्थेच्या भागीदारांचे आडनाव बजाजच होते; तरीही मुंबई उच्च न्यायालयाने १९८७ साली त्यांना मनाई केली, कारण त्या नावाचा लौकिक दुसऱ्याने कमावलेला होता. स्वतःचे नाव वापरण्यास कायद्याची मुभा आहे, पण ती प्रामाणिक वापरापुरतीच.

या साऱ्याचा भुर्दंड कोणावर पडतो, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या उद्योगाच्या पदरी वकील असतात. लिपिकाच्या घरी सुरू झालेला मसाल्याचा उद्योग, निवृत्त शिक्षकाचा शिकवणी वर्ग, दोन पदवीधरांनी थाटलेले दुरुस्तीचे दुकान यांना कायद्याची पहिली ओळख नोटिशीनेच होते. ती येते तीही धंदा नावारूपाला आल्यावर, कारण न चालणाऱ्या दुकानाच्या नावावर सहसा कोणी हरकत घेत नाही. ज्याने यश मिळवले त्यालाच दंड व्हावा, ही व्यवस्था उद्यमशीलतेला पोषक नव्हे.

यावर प्रत्येक नावाला सरकारी परवाना हवा, असा उपाय कोणी सुचवील. तो रोगापेक्षा भयंकर ठरेल. परवान्यांचा अनुभव देशाने भरपूर घेतला आहे. उणीव परवानगीची नसून माहितीची आहे. कंपन्यांची व व्यापारचिन्हांची नोंदवही संगणकावर विनाशुल्क पाहता येते. परंतु ती पाहावयाची असते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. गुमास्त्याची किंवा ‘उद्यम’ची नोंद करतानाच अर्जदाराला त्या नावाशी जुळणारी नोंदलेली चिन्हे मराठीतून दाखवली जावीत आणि या नोंदीने नावाचा हक्क मिळत नाही, हे वाक्य प्रत्येक प्रमाणपत्रावर ठळकपणे छापले जावे. १९७८ पासून अस्तित्वात असलेल्या जिल्हा उद्योग केंद्रांनी कर्जाच्या अर्जाबरोबर नावाचा शोध घेऊन देण्याचे कामही अंगावर घ्यावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कंपनी कायद्याची कलमे पाठ करावयास लावण्याऐवजी एका काल्पनिक दुकानाचे नाव शोधावयास लावले, तर तो अधिक शिकेल.

मराठी तरुणाने नोकरीच्या मागे न लागता धंदा करावा, असा उपदेश व्यासपीठांवरून नेहमी होतो. त्या उपदेशाला अर्थ यावयाचा असेल तर त्याने कष्टाने कमावलेले नाव त्याचेच राहील, एवढी हमी आधी द्यावयास हवी. पाटी रंगवण्यापूर्वीच्या एका तासाच्या चौकशीने जे वाचते, ते दहा वर्षांनंतर कोणत्याही खटल्याने पुरते भरून निघत नाही.