दोष जंतूचा की नळाचा?

आधी दोन दिवस जुलाब. मग आठवड्याभराने पायांना मुंग्या आणि बघता बघता जिना चढणंही कठीण. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण असे वाढत गेले. एरवी लाखात एखाद-दुसऱ्याला वर्षभरात होणारा हा आजार. इथे काही आठवड्यांत संशयितांचा आकडा दोनशेवर गेला.

पोट बिघडल्यावर पाय का लुळे पडावेत? काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी' हा जीवाणू सापडला. त्याच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांवरच्या रेणूंसारखा दिसतो. शरीर जीवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि क्वचित तीच फसून स्वतःच्या नसांवर तुटून पडतात. म्हणजे जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पसरतो तो पोटाचा संसर्ग.

हा जीवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो. त्यामुळे लगेच चिकनवर बोट ठेवलं गेलं. पण नीट शिजवलं की तो मरतो. पाणी आपण शिजवून पीत नाही, खरा प्रश्न तिथे आहे.

रुग्ण जास्त कुठे होते? सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात. यातली नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१मध्ये महापालिकेत आली. टॉवर उभे राहिले, लोकवस्ती वाढली. जलशुद्धीकरण प्रकल्प मात्र त्या वेगाने आला नाही. विहिरीच्या पाण्यात क्लोरिन टाकून तेच नळाला सोडलं जात होतं.

गंमत म्हणजे सांडपाणी साफ करायलाही जीवाणूच लागतात. मैलाशुद्धीकरण केंद्रात हवा मिळाली की ते घाण फस्त करतात. त्यांना काम द्यायचं, की मैलापाणी तसंच नदी-नाल्यात सोडून ते पुन्हा आपल्याच ग्लासात येऊ द्यायचं, हे आपण ठरवतो.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवं, असं भारतीय मानक सांगतं. ते तपासणारी ओटी टेस्ट काही मिनिटांत होते. आपल्या सोसायटीत, हॉस्टेलवर, मेसमध्ये ती शेवटची कधी झाली? विचारा. उत्तर येईपर्यंत पाणी उकळून प्या आणि उत्तर आलंच नाही तर वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या.