दागिना कोणाची कथा सांगतो?

अलीकडे मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत दागिन्यांची एक नवी तऱ्हा दिसू लागली आहे. प्राचीन रोमच्या पुराणकथांतील वज्रधारी ज्युपिटर, समुद्रदेव नेपच्यून, पंख असलेली विजयदेवता व्हिक्टोरिया यांच्या आकृती हातांनी घडवून त्यांचे ठसठशीत हार व पदके करतात. दहाजणींत नजर प्रथम तिकडेच वळावी, हाच त्यांचा हेतू. वडीलधारी मंडळी यावर नाक मुरडतात व विचारतात, "परक्यांचे देव गळ्यात कशाला मिरवावेत?"

आमचे मत थोडे निराळे आहे. परकेपणा हा दागिन्याचा दोष नव्हे. त्याची कथा न जाणता तो मिरविणे, हा खरा दोष होय.

रोमची आकृती गळ्यात घालणे आपल्याकडे काही आजचे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात पैठण आणि तेर, म्हणजे तेव्हाचे तगर, येथील माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जात असे. हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवली आहे. या व्यापारातून सोन्यारुप्याची रोमन नाणी इकडे आली. त्यांवर सम्राटांचे मुखवटे व देवदेवतांच्या आकृती असत. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अशा नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत, त्या गळ्यात घालण्याजोग्या पदकांच्या स्वरूपात! ज्यांना सोने लाभले नाही त्यांनी मातीत हौस भागविली असावी.

पुढे व्हेनिस नगरीचे, १२८४ पासून पाडले जाणारे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे आले. त्यावर एक ख्रिस्ती संत व त्याच्यापुढे गुडघे टेकलेला नगराधिपती असे. आपल्या लोकांनी त्या आकृती पाहून नाण्याला 'पुतळी' असे घरगुती नाव दिले. सोनारांनी नकला केल्या, तेव्हा न कळणाऱ्या अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, आणि कालांतराने पुतळ्यांवर लक्ष्मी येऊन बसली. पुतळ्यांच्या माळेला आज कोण परकी म्हणेल? कारागिराच्या हाताने व मनाने ती आपली केली.

आता आपल्याच देडतलाईकडे पाहू. येथे मराठी, हिंदी, निमाडी व कोरकू एकाच बाजारात कानी पडतात. या भागातील कित्येक वृद्ध स्त्रियांच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ आपण पाहिली असेल. असा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. त्यावरील राणीचे नाव व्हिक्टोरिया, आणि हे नाव मूळचे रोमच्या त्या विजयदेवतेचे! ज्या आजीला रोम कोठे आहे हे ठाऊक नाही, तिने रोमन देवतेचे नाव जन्मभर हृदयाशी बाळगले. मात्र त्या माळेतील कोणता रुपया कोणत्या पिकाच्या पैशातून आला, कोणता माहेरून मिळाला, हे तिला अचूक ठाऊक असते. तिच्या माळेची खरी कथा हीच होय.

खेदाची गोष्ट अशी की, या माळा आज वजनावर मोडल्या जात आहेत. संसाराची नड कोणाला चुकली नाही. त्याबद्दल आम्ही कोणास बोल लावीत नाही. परंतु चांदी मुशीत जाण्यापूर्वी तिची कथा कोणी विचारून घेतली काय? आमच्या कोंकणी बोलीत सोन्याला 'भांगार' म्हणतात; मराठीत 'भंगार' म्हणजे मोडीत काढलेली वस्तू. कथा विसरली गेली की आमचे भांगार तुमचे भंगार व्हावयास वेळ लागत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, शहरातील ज्युपिटरचे पदक आवडले तर खुशाल घ्या, हस्तव्यवसायाच्या तासाला स्वतः घडविता आले तर फारच उत्तम. पण ज्युपिटर कोण हे आधी वाचा. हे नाव आणि आपल्या वेदांतील 'द्यौष्पिता' ही एकाच मुळाची रूपे आहेत, हे कळल्यावर तो देव तितकासा परका वाटणार नाही. आणि या सुट्टीत आजीजवळ वही घेऊन बसा. तिच्या प्रत्येक दागिन्यापुढे एकेक ओळ लिहा: तो कोणी घडविला, कोणी दिला, केव्हा गहाण पडला व कसा सुटला. माळ राहो वा न राहो, ती वही घरात राहील.