हौद गेला, विहीर आहे

मागच्या उन्हाळ्यात माझी पित्ताची पिशवी काढली. खडे झाले होते. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर चार बारीक टाके. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी १९९० साली असं ऑपरेशन आपल्या देशात पहिल्यांदा केलं. त्याआधी वीतभर पोट फाडावं लागे. ऑपरेशन सोपं झालं, पण पथ्याची भीती जुनीच राहिली. भेटायला आलेली प्रत्येक बाई सांगायची, ‘आता तेल-तूप, शेंगदाणे, मटण जन्मभर बंद!’ घाबरून मी दोन महिने मऊ भात आणि मुगाच्या वरणावर काढले.

तपासणीत वजन बरंच उतरलेलं दिसलं. डॉक्टरांनी नीट समजावलं, तेव्हा मला आमचं शेतच आठवलं. पित्त तयार करतं यकृत. ती विहीर, ती शाबूत आहे. पिशवी म्हणजे हौद. पाणी साठवायचं आणि लागेल तेव्हा एकदम सोडायचं. हौद गेल्यावर पाणी थेट पाटाला लागलं, बारीक धारेनं दिवसभर वाहतं. एकाच बैठकीत भरपूर तळकट खाल्लं की ती धार पुरत नाही आणि जुलाब होतात. थोडं थोडं खाल्लं की पचतं.

मग मी एकेक पदार्थ परत आणला. आधी ज्वारीची भाकरी आणि पातळ ताक. नंतर चमचाभर शेंगदाण्याची चटणी. काय सोसलं, काय नाही, ते वहीत लिहीत गेले. उस्मानाबादी बोकडाचा रस्सा वरची तर्री काढून घेतला, सोसला. कुंथलगिरीचा पेढा अर्धा खाल्ला, सोसला. पुरी-भजी मात्र बाधली, ती सोडली.

मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे आमचा शेतातला सण, आली. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली आणि जेवण सुरू झालं. बाजरीचे उंडे वाफवलेले, भज्जी शिजवलेली, आंबील ताकाची. तळणाला त्या ताटात जागा जवळजवळ नाहीच. शिवाय शेतात कुणी एकदाच तट्ट जेवत नाही. दोन घास खायचे, हुरड्याकडे फिरून यायचं, पुन्हा दोन घास. भज्जीत शेंगा-डाळी खूप, म्हणून मी वाटीभरच घेतली. पण सगळं चाखलं. संध्याकाळी पोट शांत होतं.

पोटात जोरात दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा जुलाब थांबेनात, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. एरवी घरच्यांना माझी एकच विनंती आहे. पिशवी काढलेल्या माणसाला वर्षानुवर्षं मऊ भातावर ठेवू नका. वाढा सगळं, फक्त थोडं थोडं वाढा.