हरणीचा निरोप आणि वहिनींची वही

दिवाळीला गावी गेलो होतो. आमचं गाव माणदेशात, आटपाडीच्या बाजूला. पहाटे तीन वाजता नातवाचा मोबाईल वाजला. या वयात अवेळी फोन वाजला की छातीत धस्स होतं. कोणाचं काय झालं म्हणून मी उठून बसलो. नातू (थोरल्या भावाचा, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सवाला) डोळे चोळत म्हणाला, "आजोबा, झोपा तुम्ही. हरणी माजावर आलीय."

गाईने मोबाईलवर निरोप पाठवला होता!

सकाळी चहाला त्याने ही बातमी मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगितली. आमच्या वहिनी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, चुलीकडून मान न वळवता म्हणाल्या, "म्या काल सांजच्या धारंलाच म्हनलं हुतं. कोन ऐकतंय?" सूनबाईने हळूच मान डोलावली. खरंच म्हणाल्या होत्या.

आता मंडळी, तुम्हाला वाटेल की मास्तर 'जुनं ते सोनं' लिहिणार. नाही लिहिणार, कारण हरणीच्या शेजारची म्हैस. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. ओरडणं नाही, काही नाही. तिचे दोन माज वहिनींच्याही नजरेतून निसटले होते. एक माज चुकला की एकवीस दिवस गेले आणि तेवढ्या दिवसांची वैरण फुकट. तिसऱ्यांदा तो पट्ट्याने पकडला. हे वहिनींनी कबूल केलं, पण जरा वेळ घेऊन.

पूर्वी गळ्यात घंटा असायची, आता पट्टा. त्यात हालचाल मोजणारा एक बारीक तुकडा असतो. माजावरची गाय जास्त चालते आणि रवंथ कमी करते, त्यावरून तो ताडतो. मी विचारलं, यात अवघड ते काय? नातू म्हणाला, अवघड आहे बॅटरी. मोजायला वीज थोडी लागते, सांगायला फार. म्हणून पट्टा हिशोब स्वतःशीच करतो आणि वर पाठवतो ते थोडक्यात. (आमच्या शाळेच्या मीटिंगांत असे पट्टे हवे होते.) गाईला गिळायला द्यायची गोळीही असते म्हणे. ती पोटातल्या जाळीसारख्या कप्प्यात जन्मभर बसते आणि ताप मोजते. शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाणी रेडिओलहरी पिऊन टाकतं. त्यामुळे कोणत्या लहरी वापरायच्या यावरच निम्मी डोकेफोड. गाय गार पाणी प्याली की आतलं तापमान एकदम उतरतं, म्हणून ती किती वेळा पाणी प्याली हेही कळतं. हे ऐकून मात्र मी थक्क झालो.

पण मला लिहायचं आहे ते पुढचं. सगळं मोजून त्या आकड्यांचं होतं काय?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशी जनावरांसाठीच्या जनुकीय चिपचं उद्घाटन झालं. गाईंची 'गौ चिप' आणि म्हशींची 'महिष चिप'. ही चिप कानात बसवायची नसते. प्रयोगशाळेत जनावराच्या नमुन्यातला डीएनए तिच्यावर टाकून हजारो ठिकाणच्या खुणा वाचतात. पूर्वी वळू चांगला की वाईट हे त्याच्या लेकी दूध देऊ लागल्यावर कळायचं, म्हणजे पाचेक वर्षं गेली. आता वासरू जन्मताच अंदाज येतो.

हा अंदाज कसा येतो ते नातवाने सांगितलं आणि मला माझा वर्ग आठवला. समजा जुन्या हजारो मुलांचे चेहरे आणि त्यांचे मार्क माझ्यापाशी आहेत. नवा मुलगा आला की मी बघणार, हा कोणासारखा दिसतो, आणि त्यावरून त्याचे मार्क सांगणार. पण जुन्या मुलांची परीक्षा फक्त गणिताची घेतलेली असेल, तर कोण गाईल आणि कोण धावेल हे मी कुठून सांगू? चिपचंही तेच आहे. जे लिहून ठेवलं, तेवढंच ती पुढे सांगते. दूधच लिहिलं तर दूधच.

याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. तिथे १९६२ साली चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या लेकी दुधाला अशा जबर, की त्याला सुमारे १६ हजार लेकी झाल्या आणि पुढे नाती, पणत्या लाखांनी वाढल्या. आज त्या जातीच्या जनुकसंचातला सुमारे १४ टक्के वाटा या एकट्याचा. पण त्याच्याकडे एक दोषी जनुकही होतं. ते आई आणि बाप अशा दोन्हीकडून आलं की गर्भ टिकतच नाही. मोठ्या संख्येने जनुकं वाचायला लागल्यावर लक्षात आलं की दोन्हीकडून दोष घेतलेलं एकही जनावर जिवंत सापडत नाही. न सापडणं हाच पुरावा! २०१६ साली संशोधकांनी हिशोब मांडला, जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले आणि ४२ कोटी डॉलर बुडाले. त्याच्या जनुकांनी वाढवलेल्या दुधाची किंमत याच्या कितीतरी पट, ३ हजार कोटी डॉलर. म्हणून कोणी त्याला शिव्या देत नाही. मीही देत नाही. पण दुधाच्या वहीत गेलेल्या वासरांचा रकाना नव्हता, हे लक्षात ठेवावं.

आमच्या खिलारचं काय होणार मग? खिलार दुधाला कमी, ही जात कामाची. १९७२ च्या दुष्काळात मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमची खिलार गाय रोज कोस-दीड कोस पाण्यावर जायची, यायची आणि आल्यावर काड्या चघळत उभी राहायची. ती जगली. पुढे वडिलांनी कर्ज काढून संकरित गाय आणली. तिच्या दुधावर पुतण्या शिकला, तेव्हा तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पण एप्रिलात ती जीभ बाहेर काढून धापा टाकायची, ते बघवत नसे. या दोघींतला हा फरक कोणत्या कागदावर आहे?

आता तो कागदावर आणता येतो, आणि इथेच नातवाचा पट्टा आणि ती चिप यांची गाठ पडते. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईंत आखूड, गुळगुळीत केसांचं जनुक आहे. ते होल्स्टीनमध्ये उतरवलं तर गाय उन्हात कमी तापते, हे फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं. कशावरून? कोणीतरी गाईचा ताप मोजत बसलं म्हणून. तसं आमच्या खिलारचं, डांगीचं, लाल कंधारीचं कोणी मोजेल का? भर दुपारी रवंथ चालू राहतो का, पाण्याशिवाय किती तास निघतात, किती वेतं होतात? पट्टे फक्त जास्त दूध देणाऱ्या गाईंच्या गळ्यात पडले, तर चिपला खिलार कायम नापासच दिसणार. आणि तो निकाल शास्त्राच्या नावावर लागणार.

दुसरंही एक. हरणीचे आकडे नेमके कोणाचे? नातवाच्या मोबाईलवर ते इंग्रजीत येतात. धारा काढणार सूनबाई, शेण उचलणार सूनबाई, आणि तिला त्यातलं अक्षर दिसत नाही. मी त्याला म्हटलं, आधी हे मराठीत कर आणि तिच्या मोबाईलवर जाऊ दे. "करतो आजोबा" म्हणाला. करेल असं वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी एक गंमत झाली. नातू शंभर पानी वही घेऊन चुलीशी बसला आणि म्हणाला, "आजी, गाय घेताना तू काय काय बघतेस ते सांग." वहिनी आधी हसल्या, मग सुरू झाल्या. तासाभराने मी डोकावलो तर सतरा कलमं झाली होती. त्यातल्या चारांना यंत्र कसं लावायचं हे त्याला सुचलं होतं. नवव्या कलमावर मात्र दोघांचं भांडण चालू होतं. वहिनींनी सांगितलं होतं, "गाय मान्साकडं कशी बगती ते बगायचं", आणि नातू विचारत होता, "पण आजी, कशी म्हणजे कशी?"